पडद्यावरची डॉक्टरीण

पुण्यातल्या एका कंपनीत मी नोकरीला आहे. माणसाला मोबाइलवरून डॉक्टर शोधता यावा, असं अ‍ॅप आम्ही करत होतो. मी मूळची हिंगोलीची, म्हणून गावाकडची माणसं डॉक्टर कसा शोधतात हे विचारायला मलाच पाठवलं. जवळा बाजार या तिकडच्या गावी, बाजाराच्या दिवशी, ओळखीच्या एका शिलाईच्या दुकानात मी बसले.

तिथं मेंढरं राखणाऱ्या घरातल्या एक मावशी आल्या. पन्नाशीच्या असतील. दुखलं-खुपलं तर कुणाकडे जाता, असं विचारलं तर त्यांनी आधी दार लोटून घेतलं आणि मग काखेतल्या गाठीचं सांगितलं. घरात कुणाला माहीत नव्हतं. त्यांना बाईच डॉक्टर हवी होती, आणि आपण जाऊ त्या दिवशी ती जागेवर असायला हवी होती. दोनदा त्या एसटीनं हिंगोलीला जाऊन, मॅडम आज नाहीत, एवढं ऐकून परत आल्या होत्या.

मी मोबाइल पुढे धरला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं: हिंगोलीतली एक डॉक्टरीण, तिचं नाव, रोज सकाळी हजर. ती नावं चाचणीपुरती आमच्या ऑफिसात रचलेली होती. मुलाखतीआधी भरून घ्यायच्या संमतीच्या फॉर्मवर तसं छापलेलं होतं. मी ते भराभर वाचून अंगठा घेतला होता.

उठताना त्यांनी विचारलं, "मंग हिच्याकडं जाऊ का?"

मुलाखतीत सल्ला द्यायचा नाही, असा आमचा नियम. मी म्हणाले, "ते तुमीच ठरवा, मावशी."

सहा महिन्यांनी दुसऱ्या फेरीसाठी तिथंच गेले, तर त्या आपणहून भेटायला आल्या. एक हात सुजलेला, पदराखाली धरलेला. त्या डॉक्टरणीला शोधत त्या दोन वेळा हिंगोलीत फिरल्या होत्या. औषधाच्या दुकानात विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं, कुणालाच ते नाव माहीत नव्हतं. मग नाद सोडला. पुढं गाठ वाढली, सुनेच्या लक्षात आलं, नांदेडला नेऊन ऑपरेशन केलं, तेव्हापासून हात सुजलेला. यात माझ्याबद्दल तक्रार कुठंच नव्हती.

"मला वाटलं, नाव माह्याच ध्यानात बराबर ऱ्हायलं न्हाई," त्या म्हणाल्या.

मी सांगून टाकलं की ते नाव खोटं होतं, अशी डॉक्टरीण नव्हतीच. 

"मंग तवाच काहून न्हाई सांगितलं?"

उत्तराची वाट न बघता त्या उठून बाजारात निघून गेल्या.

अहवालात मी हे सगळं लिहिलं. मीटिंगमध्ये साहेबांनी त्यातलं एकच वाक्य उचललं: नवखी माणसंसुद्धा पडद्यावर विश्वास ठेवतात. हे फार चांगलं लक्षण आहे, असं ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर आज जागेवर आहे की नाही, हे अ‍ॅपमध्ये दाखवायचं काम पुढं ढकललं गेलं. रचलेल्या नावांपुढं 'नमुना' असा शब्द घालायला मात्र त्यांनी लगेच मान्यता दिली.

तो शब्द मीच घातला. वाचता न येणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग, हे मी त्या मीटिंगमध्ये विचारलं नाही.