अर्धा इंच आणि सुताराची फ्रेम

“ताई, मग पोस्टरच कापा ना कडेने,” सुमनताई म्हणाल्या.

ठाण्याच्या नौपाड्यात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. ‘कापा’ हा शब्द मी रोज ऐकते. रेडिमेड फ्रेममध्ये फोटो बसत नाही, मी कडा छाटते, विषय संपतो. हे पोस्टर तसं नव्हतं. सुमनताईंच्या मुलीच्या पहिल्या व्यावसायिक नाटकाचं ते पोस्टर. पहिल्या प्रयोगानंतर सगळ्या कलाकारांनी त्यावर ऐसपैस सह्या ठोकलेल्या. पोरीने मात्र लाजत लाजत अगदी खालच्या काठाला केलेली. छाटलं असतं तर तिचीच सही खालून तुटली असती.

“मोठी फ्रेम करून देते,” मी म्हटलं.

“नको हो. हीच पाहिजे. ह्यांनी केलेली आहे.”

त्यांचे यजमान कल्याणजवळ मोहन्याला सुतारकाम करायचे. पोरगी कॉलेजात एकांकिका करत होती, तेव्हाच त्यांनी ही सागवानी फ्रेम बनवून ठेवली. हिचं नाव पोस्टरवर आलं की यात लावू, म्हणायचे. नाव आलं तेव्हा ते राहिले नव्हते. माप त्यांनी बाजारात चालतं ते धरलेलं. नाटकवाल्यांनी पोस्टर आपल्या मर्जीने छापलं. लांबीला अर्धा इंच मोठं, रुंदीलाही अर्धा इंच.

“रविवारी ती घरी येतेय,” सुमनताई निघताना म्हणाल्या. “काय ते तुम्ही बघा. फक्त फ्रेमला काही होऊ देऊ नका.”

फ्रेमच्या मागच्या बाजूला, आतून, एक खाच असते. काच आणि चित्र त्या खाचेत बसतं. खाच चारही बाजूंनी आणखी पाव इंच लाकडात खोदली की पोस्टर मावणार होतं. समोरून सह्यांची शेपटं फ्रेमच्या पट्टीखाली लपली असती, पण तुटली नसती. कागदावर सांगायला सोपं आहे. खोदल्यावर बाहेरच्या बाजूला लाकूड उरणार जेमतेम पाव इंच. मशीन लावलं तर हादऱ्याने सांधे सुटायची भीती, म्हणून पटाशी घेतली. पटाशी म्हणजे सुताराची सपाट धारेची छिन्नी.

पोस्टर पुन्हा मिळणार नाही. फ्रेमही नाही. बनवणारा माणूसच नाही. प्रत्येक ठोक्याला मी थांबायची, फ्रेम उलटी करून पुढची बाजू बघायची, मग पुढे जायची. तीन बाजू निभावल्या. चौथ्या कोपऱ्यात पटाशी कशावर तरी आदळली आणि कट्‌ असा आवाज आला.

लाकडाच्या आत खिळा होता. फ्रेम उलटी केली. समोर, पॉलिशवर, कोपऱ्यापासून आत गेलेली बारीक चीर.

मी स्टुलावर बसूनच राहिले. लपवावी असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग फोन केला.

“सुमनताई, फ्रेमला चीर गेली माझ्या हातून.”

त्या एवढंच म्हणाल्या, “येते मी.”

कल्याणहून नौपाड्याला त्या पोचेपर्यंत माझा दुसऱ्या कशाला हात लागला नाही. आल्या, चष्मा लावला, चिरेवरून बोट फिरवलं.

“ही होय?” त्या म्हणाल्या. “ही तुमची नाही. ह्यांची आहे.”

“म्हणजे?”

“खिळा मारताना ह्यांच्याच हातून फुटलेली. मग घाबरून अजून दोन खिळे ठोकले. चिरेत मेण भरलं, वर पॉलिश मारलं. मला दिसू नये म्हणून कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मी काय आंधळी आहे? पण बोलले नाही. पोरीसाठी करत होते ना.”

माझ्या ठोक्याने फक्त जुनं मेण उडालं होतं. मी मागून गोंद भरून सांधा आवळला.

“पुढून परत मेण भरू?”

“नको,” त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. “आता दिसू दे तिला.”

रविवारी पोस्टर मोहन्याच्या घरी भिंतीवर लागलं. पूर्ण.

तेव्हापासून जुन्या फ्रेमला पटाशी लावण्याआधी मी चारही कोपऱ्यांवर लोहचुंबक फिरवते. जिवापाड जपून केलेल्या वस्तूत एखादा खिळा हमखास जास्तीचा असतो.