साठ गड्ड्यांची थंडी

डोंगरावरच्या त्या थंड गावातल्या बियाणे केंद्रात सगळे तिला कोबीबाई म्हणत, आणि तीही त्या नावाला खुशाल ओ देई. बावीस वर्षं निवडून निवडून तिनं एकच वाण जपलं होतं: बुटका, घट्ट, निळसर पानांचा कोबी, कीड पडली तरी मान न टाकणारा. पाकिटांतलं जुनं बी मात्र आता उगवेनासं झालं होतं. हिवाळ्याच्या तोंडाशी मुळांसकट उपटून शीतखोलीत ठेवलेले साठ गड्डे, एवढाच त्या वाणाचा वंश उरला होता.

नवे साहेब आले आणि त्यांना आपल्या नमुन्यांसाठी शीतखोली रिकामी हवी झाली.

"गड्डे शेडमध्ये हलवा," ते म्हणाले.

"तिथं बी वाळवायच्या भट्ट्या असतात, साहेब. ऊब लागेल. कोबीला सलग आठ आठवडे थंडी मिळाली तरच त्याला फुलायचं सुचतं. नाहीतर नुसती पानं काढत बसतो. फूल नाही, तर बी कुठलं?"

"दोन आठवडे झालेत की."

"अर्ध्यात उबेला आणलं तर झालेलंही विसरतो."

"कोबी विसरतो!" साहेब खो खो हसले. "टाकून द्या, बाई. भाजी होईल कुणाची तरी."

तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण आवाज चढला नाही. "तसं लिहून द्या."

साहेबांनी फर्रकन लिहिलं: निकामी माल, विल्हेवाट लावावी. त्याच दुपारी दिराचा टेंपो बोलावून तिनं साठच्या साठ गड्डे घरी नेले.

घरात उत्तरेची खोली एकच, आणि तिथं नवऱ्याचं शिवणयंत्र.

"अगं, मी शिवायचं कुठं?"

"स्वयंपाकघरात. तिथं ऊबही आहे."

नवऱ्यानं हात टेकले. गड्ड्यांची मुळं ओल्या वाळूत रोवली गेली आणि सहा आठवडे त्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या राहिल्या. पारा पाचाच्या वर सरकला की कोबीबाईचा जीव खालीवर होई. दोन शाली आणि कानटोपी चढवून सासूबाई दिवसभर करवादत, "घर आहे की बर्फाचा कारखाना? सून माझ्या जिवावर उठलीय!" पण शेजारीण "खुळावली का हो तुमची सून?" असं विचारायला आली, तेव्हा त्याच कडाडल्या, "आमचा कोबी, आमची थंडी. तुझं नाक का गळतंय?" एका सकाळी पारा शून्याखाली घसरला, तर अंगावरची रजई काढून गड्ड्यांवर घातली तीही त्यांनीच.

अकरा गड्डे सडले. उरलेले एकोणपन्नास तिनं परसात लावले आणि फुलाच्या दांड्याला वाट मिळावी म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर सुरीनं चीर दिली. तीन आठवडे काहीच हललं नाही. नवरा काही विचारत नव्हता, त्याचाच तिला जास्त राग येई. मग एकेक गड्डा मधोमध उकलला, छातीएवढे दांडे वर आले आणि परस पिवळंधमक झालं. मधमाश्यांनी नुसता उच्छाद मांडला.

बातमी केंद्रात पोचली. साहेब स्वतः आले, कुंपणापाशी उभे राहिले.

"हे वाण केंद्राचं आहे."

"होतं. तुमच्याच अक्षरात निकामी ठरलंय. कागद दाखवू?"

"नोकरीचा विचार करा, बाई."

"केला. आणि मगच खिडक्या उघडल्या."

दुसऱ्याच आठवड्यात तिची बदली पाकिटं चिकटवायच्या टेबलावर झाली. बावीस वर्षांचं काम हातातून गेलं, ते तिला लागलं. पण माफीपत्राचा कोरा कागद पुढं आला, तो तिनं कोराच परत केला.

शेंगा वाळल्यावर तिनं आणि सासूबाईंनी चादरीवर बी झोडपलं. फाटकावर पाटी लागली: कोबीचं बी, मागेल त्याला मूठभर. लांबलांबून माणसं आली. तिनं प्रत्येकाला बजावलं, "लावा, पण थंडी पुरती द्या." बघता बघता ते वाण चाळीस परसांत पोचलं, आता कुणा एकाच्या सहीनं ते निकामी होणार नव्हतं.

शेवटी केंद्राचा शिपाई साहेबांची चिठ्ठी घेऊन आला: नमुना त्वरित पाठवावा.

"साहेबांना सांग," ती म्हणाली, "पाटी सगळ्यांसाठी आहे. या म्हणावं, रांगेत उभे राहा."