निर्मलाताईंचा बोलका खोका

फोन वाजला तेव्हा मी हॉलच्या मधोमध फरशीवर बसलो होतो. चहाच्या कपांनी भरलेला खोका कानाशी धरून हलवत होतो आणि श्वास रोखून ऐकत होतो. दारातून कुणी पाहिलं असतं तर हा गृहस्थ खोक्याची नाडी तपासतोय असंच वाटलं असतं... आणि ते फारसं खोटंही नव्हतं. ही निर्मलाताईंची पद्धत. सामान भरून झालं, तोंड बांधून झालं, की खोका उचलायचा, कानाशी न्यायचा आणि हलवायचा. आतून जरा जरी आवाज आला तरी ताई शांतपणे म्हणायच्या, "बोलून राह्यला जी. सोडा." म्हणजे गाठ सोडा, सगळं बाहेर काढा आणि पहिल्यापासून भरा. माझा खोका त्या दुपारी नुसता बोलत नव्हता, कीर्तन करत होता. फोनवर ताईंची भाची पल्लवी होती. दोघी समोरच्याच दारात राहायच्या, पण आत्याचा हात सोडून उठवेना म्हणून तिने फोन केला. म्हणाली, "काका, आत्या गेली. जेवून खुर्चीत बसली होती... तिथेच." आणि मी, हौशी रंगभूमीवर आयुष्यभर राजे, सेनापती आणि एकदा तर साक्षात यम रंगवलेला मी, काय बोलावं? मी म्हणालो, "अगं, पण माझे कप अजून वाजतायत."

त्यावर ती पोरगी रडता रडता हसली. मला हसू आलं नाही. दुःख नंतर आलं, रीतसर आलं, अजून आहे. पण सगळ्यात आधी आली ती भीती, आणि तिचं कारण आतल्या खोलीत पलंगावर शांत झोपलं होतं.

माझी आई. तिची आठवण गेली काही वर्षं झिरपत चालली आहे. मी कधी तिचा मुलगा असतो, कधी धाकटा भाऊ. एकदा मी मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस होतो, तेव्हा तिने मला पाणी दिलं आणि "जिना जपून उतरा" असं बजावलं. (मी लग्न केलं नाही, त्यामुळे मला ओळखायची सगळी जबाबदारी तिच्या एकटीवर पडते. तालमींमुळे जमलं नाही असं मी सांगतो. आई कारण वेगळं सांगायची, तेही आता विसरली.) पण माणसं विसरली तरी घर तिला पाठ आहे. पलंगावरून उजवीकडे खिडकी, डावीकडे कपाट, चार पावलांवर मोरी. वारज्यातल्या आमच्या जुन्या इमारतीतली ती एक खोली हेच तिचं उरलेलं जग, आणि ती इमारतच पुनर्विकासाला गेली. नवी उभी राहीपर्यंत आम्ही भाड्याच्या घरात जायचं होतं, हमरस्त्याच्या पलीकडच्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. सोसायटीच्या सभेत बाकीचे पार्किंगवरून भांडत होते. मी खुर्चीच्या कडेला बसून घाम पुसत होतो.

घाम उगाच नव्हता. त्याआधी एकदा मी मोठ्या उत्साहाने घराला रंग काढला होता. आईचा पलंग दोन दिवस हॉलमध्ये हलवला, बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी आई नाहीशी झाली. चप्पल घालून खाली उतरली होती आणि रिक्षात बसून गेली होती. मी वेड्यासारखा सोसायटीच्या गेटापाशी नुसत्या येरझारा घालत होतो. आवाज फुटत नव्हता, तोही माझा, जो शेवटच्या रांगेला माइकशिवाय ऐकू जातो. तेव्हा ताई खाली आल्या. आरडाओरडा नाही, सल्ले नाहीत. फक्त विचारलं, "भाऊ, आईंचं माहेर कुठलं जी?" नारायण पेठ, मी म्हणालो. "मग तिथंच चला." आई तिथेच सापडली. जिथे तिचं माहेर होतं तिथे आता दुकानांची रांग आहे. त्यातल्या एका दुकानाच्या पायरीवर ती बसली होती. मला पाहून म्हणाली, "अहो, आमचं घर होतं इथे. कुठे नेलंत?" दुकानदार म्हणाला, "तासभर विचारतायत. मी म्हटलं, बसा, येईल." अस्सल पुणेरी दिलासा!

निर्मलाताई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. मूळच्या नागपूरकडच्या, नोकरीभर बदल्या. महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवाल तिथे त्यांनी बिऱ्हाड थाटलेलं आणि मोडलेलं. बोलणं पुण्यात राहून बरंच छापील झालं होतं, पण हाताशी काम आलं की 'जी' आणि 'काहून' आपोआप बाहेर यायचे. आमच्या सोसायटीत कुणाचं बिऱ्हाड हलायचं असलं की ताईंना बोलावणं जायचं. वर्तमानपत्राला त्या हात लावायच्या नाहीत, "शाई लागते, अन् कागद दमला की ढिला पडते." जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या फाडून ठेवलेल्या असायच्या. ताटल्या आडव्या नाही, उभ्या. पेल्यात पेला नाही. आणि डबा भरलेला असो की रिकामा, त्याच्या पोटातही कपडा कोंबलेला. कोपऱ्यातली बुद्धमूर्ती मात्र कुठल्याच खोक्यात जायची नाही. ती दर बदलीला त्यांच्या मांडीवर बसून गेली.

आमचं घर हलणार म्हटल्यावर मी त्यांच्यापुढे नाटकी लोटांगण घातलं. त्या म्हणाल्या, "उठा. काहून घाबरून राह्यले एवढे?" मी म्हणालो, "ताई, सामान फुटलं तर नवीन आणता येईल. आई..." त्या आईच्या खोलीत गेल्या आणि दारातूनच खिडकी, कपाट, मोरी नजरेने मोजून घेतली. मग मला म्हणाल्या, बाकीचं घर सामानासारखं बांधा, ही खोली तशी बांधायची नाही. ही सगळ्यात शेवटी सुटेल आणि तिथे सगळ्यात आधी लागेल. खिडकी उजवीकडेच आली पाहिजे, नसेल तर पलंग फिरवा. आईंना दार उघडल्यावर आपलीच खोली दिसली पाहिजे. मी मान डोलावली, आणि मग आम्ही पिढीजात टापटिपीची माणसं जे करतो ते केलं. ताई दोन दिवस भाचीबरोबर बाहेरगावी गेल्या होत्या, तेवढ्यात मी आईच्या खोलीतलं सगळं धुवून काढलं. चादरी, अभ्रे, पांघरुणं, पडदे, तिच्या घडीच्या साड्यासुद्धा. नव्या घरात मळकं न्यायचं का? लॉन्ड्रीतून इस्त्री करून आणलं, गठ्ठे रचले आणि ताई परत आल्यावर, प्रवेश संपवून टाळ्यांची वाट पाहणाऱ्या नटासारखा बाजूला उभा राहिलो.

ताईंनी वरची चादर उचलली, नाकाशी धरली आणि खुर्चीत बसल्या. "भाऊ, घरच धुऊन टाकलं जी तुम्ही." मला कळेना. त्या म्हणाल्या, "आईंना डोळ्यांनी किती दिसते? त्या वासानं राहतात इथं. हा तर दुकानाचा वास आहे." मग विचारलं, न धुतलेलं काय उरलंय? मी एकेक वस्तू आठवत गेलो. काहीच नव्हतं. इतक्या निगुतीने मी माझ्या आईचं घर नाहीसं केलं होतं...

त्या संध्याकाळी त्यांनी मला चहा दिला आणि एक गोष्ट सांगितली. पहिल्या नोकरीच्या गावात त्यांना खोली मिळाली होती. ताईंनी हौसेने मांडामांड केली, फडताळात बरण्या लावल्या. काही आठवड्यांनी घरमालकिणीने गप्पांच्या ओघात पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकून ती आत गेली आणि थोड्या वेळाने तिचा नवरा बाहेर आला. उद्या सकाळी खोली मोकळी करा. "हात असे कापत होते जी," ताई म्हणाल्या, "चादरीत गाठोडं बांधलं, तसंच टेम्पोत टाकलं. मायनं दिलेली लोणच्याची बरणी फुटली. पूर्ण रस्ताभर आतून वाजत होती, अन् मला उघडून पाहायचं भेव." त्यानंतर त्यांनी बांधायला शिकून घेतलं. "लोक म्हणतात निर्मलाबाईंच्या हातात कला आहे. कला नाही, भेव आहे. चांगलं वापरलं की कामाला येते." इतकी वर्षं मला वाटत होतं की या इमारतीत भित्रा मी एकटाच.

जाण्याच्या चार-पाच दिवस आधी ताई एक खोका घेऊन आल्या. साडीच्या निळ्या पट्टीने बांधलेला, वर त्यांची ती चपटी गाठ. "हा आईंचा. मी बांधला. तिथं गेल्यावर पहिला हा सोडायचा, त्याआधी हात लावायचा नाही." आत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "नाटकात पडदा आधी उघडते का जी?" हे आमचं शेवटचं बोलणं.

स्मशानात त्यांना निरोप देऊन परत आलो तेव्हा त्यांचं घर मी पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळं बांधून तयार होतं. पल्लवीने लोणी काळभोरला घर घेतलं होतं, दोघी तिथे जाणार होत्या. ओळीने खोके, प्रत्येकाला निळी गाठ, आणि कोपऱ्यात मूर्ती तेवढी बाहेर. पल्लवी म्हणाली, "काका, मी सगळे हलवून पाहिले. एकही बोलत नाही." मी घरी आलो आणि आईचा खोका कानाशी धरून हलवला.

तो वाजला.

मी पुन्हा हलवला. आत काहीतरी खुळखुळत होतं, बारीक, सुटं, बरणीच्या तुकड्यांसारखं. मी खोका खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसलो. म्हणजे ताईंचा हात थकला होता. त्यांना बरं वाटत नव्हतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे आत जे काही होतं ते फुटलं होतं, आणि आईसाठी एवढंच उरलं होतं. गाठीला हात लावायचा माझा धीर झाला नाही. ती गाठ सोडली तर पुन्हा तशी बांधणार कोण?

जायचा दिवस आला. सामान टेम्पोने पुढे गेलं. पल्लवीने रजा काढून आईची खोली ताईंनी सांगितल्याबरहुकूम लावली. मी आईला घेऊन रिक्षाने निघालो, मांडीवर खोका. रिक्षा गतिरोधकावर चढली की आतून खुळखुळ, आणि प्रत्येक खुळखुळीबरोबर माझा जीव अर्धा. आई विचारत होती, "कुठे चाललोय?" मी म्हणत होतो, घरी. टॉवरच्या लिफ्टमध्ये तिने माझा दंड असा धरला की तिची नखं रुतली. अकराव्या मजल्यावर दार उघडं होतं, आतून पल्लवी हाक मारत होती, आणि आई उंबऱ्याबाहेर थांबली. तिने चौकट दोन्ही हातांनी धरली. "हे कुणाचं घर? मला आमच्या घरी सोडा. अहो, सोडा ना मला." आवाज चढत गेला. शेजारचं दार किलकिलं झालं. मला नारायण पेठेतली ती पायरी दिसू लागली. आता ही रोज अशीच निघून जाईल, आणि एक दिवस मला सापडणार नाही... माझे हात कापायला लागले. हातात खोका होता, तोही कापायला लागला, आणि लिफ्टसमोरच्या त्या रिकाम्या जागेत मोठमोठ्याने वाजायला लागला.

आई बोलायची थांबली. तिने मान तिरकी केली. मग वैतागून म्हणाली, "माझी सुपारीची डबी आहे ती. दे इकडे, सांडशील."

डबी! पितळेची, झाकणाला खळगा पडलेली. वर्षानुवर्षं आई दुपारी उठली की ती कानाशी धरून वाजवायची, किती उरली आहे ते बघायची आणि मग उघडायची. डॉक्टरांनी सुपारी बंद केल्यावर मी ती माळ्यावर टाकली होती आणि टाकून विसरलोही होतो. धुवायच्या तडाख्यातून ती तेवढी सुटली होती, आणि माळा आवरताना ताईंच्या हाती लागली असणार. खोका मी तिथेच उंबऱ्यावर बसून सोडला. डबीभोवती काही गुंडाळलेलं नव्हतं आणि पोटात कपडाही कोंबलेला नव्हता. जुन्या सुपारीच्या खांडांना आत मोकळं रान होतं. खाली, आईच्या गादीखाली कायम अंथरलेली, मी कधी उचलूनही न पाहिलेली जुनी सुती साडी होती. तिला आईच्या अंगाचा, कापराचा आणि आमच्या त्या खोलीचा वास होता. आईने डबी घेतली, वाजवली, उघडून हुंगली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "दारात काय बसलास? चल आत." आणि ती माझ्या आधी आत गेली.

ताईंनी डबी मुद्दाम मोकळी ठेवली, की खरंच त्या दिवशी त्यांचा हात दमला होता? पल्लवीला विचारलं. ती म्हणाली, "काका, आत्या आणि विसरेल?" मग जरा थांबून म्हणाली, "पण तेव्हा तिला धाप लागत होती." हे विचारायला एकच माणूस होतं.

सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. आई अजून कधी कधी चौकट धरून उभी राहते. इमारत उभी राहिली की पुन्हा एकदा सगळं बांधायचं आहे, आणि तो विचार आला की मी टीव्हीचा आवाज मोठा करतो. निळी पट्टी मी कापली नाही, ती आईच्या खोलीच्या कडीला बांधली आहे, ताईंच्यासारखी चपटी गाठ मला काही जमलेली नाही. सुपारी आई खात नाही. नुसती वाजवते, हुंगते, मिटते. रोज दुपारी तिची उठायची वेळ झाली की मी हातातलं काम टाकतो, त्या दाराशी जातो आणि दाराला कान लावून, श्वास रोखून उभा राहतो. कधी कधी बराच वेळ काहीच ऐकू येत नाही... मग आत डबी खुळखुळते, आणि मी चहा टाकायला जातो.