घासलेला टालर

कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत मी लॅब टेक्निशियन. आठवडाभर तेल तपासायचं आणि गुरुवारी संध्याकाळी सलव्यातल्या एका निवृत्त कुवेती डॉक्टरांच्या बैठकीत जर्मन राज्यांची जुनी चांदीची नाणी बघायची, असा माझा क्रम. चारशे वर्षांपूर्वी त्या मुलखात शेकडो लहानमोठी राज्यं होती आणि ज्याला त्याला स्वतःचं नाणं पाडायची हौस. संस्थान चिमूटभर, पण नाण्यावरच्या राजाचा रुबाब बघावा. बायको ह्याला खूळ म्हणते. मला मात्र अख्ख्या कुवेतमध्ये त्या एकाच घरात आपण नुसते नोकरदार नाही, असं वाटायचं.

यंदा दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी सॅक्सनीचा एक टालर, म्हणजे त्या काळचं चांदीचं नाणं, मला घरी निवांत बघायला दिला. आपल्या दहाच्या नाण्याहून कितीतरी मोठा. खांद्याला तलवार टेकवलेला दाढीवाला राजा आणि सगळ्यावर चढलेली निळसर काळी झाक. संग्राहकाचा जीव त्या झाकेत असतो. असं नाणं धुवायचं नाही, पुसायचं नाही, धरायचं तेही कडेनं.

साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ड्यूटी संपवून अब्बासियातल्या फ्लॅटवर आलो, तर पाटावर राजेसाहेब हळदकुंकू लावून लखलखत बसलेले. टूथपावडरने घासून आईने त्यांची दाढीसुद्धा उजळवली होती.

"काळंकुट्ट झालं होतं रे. तसंच कसं ठेवायचं लक्ष्मीपुढं?"

नाणं कुणाचं आणि त्याचं काय झालं, हे कळल्यावर ती जेवलीच नाही.

गुरुवारी ती हट्टाने माझ्याबरोबर सलव्याला आली. डॉक्टरांनी नाणं दिव्याखाली धरलं आणि त्यांचा चेहरा पडला. आता हे घर आपल्याला बंद झालं, असं मी मनाशी धरून चाललो आणि मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात आईने पदर सावरला आणि आपल्या सातारी हिंदीत सुरू केलं.

"गलती मेरी है. उसका आना बंद मत करो. इधर से घर आता है, तभी हसता है."

डॉक्टरांचं लहानपण मुंबईत गेलेलं, त्यांना हिंदी छान कळते. त्यांनी नाणं टेबलावर ठेवलं.

"खराब तो हो गया," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अगले गुरुवार को आना. माँ को भी लाना. मैं सिक्कों की अलमारी को ताला लगाके रखेगा."