मीटर येईपर्यंतचं भाडं

मंडळी, आज सकाळी पुतणी सुजाता करंजाड्यात मसाला कांडप यंत्र टाकायचा खर्च मांडून घेऊन आली. "काका, काही राहिलंय का बघा."

मला नव्वदच्या दशकातली माझी घणसोलीची पिठाची गिरणी आठवली. माझ्याही कागदावर सगळं होतं. जातं, मोटर, गाळ्याचं डिपॉझिट, अगदी दसऱ्याच्या मुहूर्ताचे पेढेसुद्धा! नोकरी सोडली, पेढे वाटले आणि मोटरीला लागणारी थ्री फेज वीज यायला पाच महिने लागले.

गाळा सोडावा तर डिपॉझिट बुडणार, ठेवावा तर भाडं चढणार. गावातल्या बाया डबे घेऊन यायच्या. "काय भाऊ, पेढं तं खाल्लं, पीठ कदी?" मी शटर अर्धं ओढून आत बसायचो. बायको म्हणायची, "पेढे बरे लिहिलेत! रिकामं बसायचे महिने कुठं लिहिलेत?"

आज तोच प्रश्न मी सुजाताला विचारला. तिनं पाच महिन्यांचं भाडं बेरजेत मिळवलं आणि पेन खाली ठेवलं. "मग हे बँकेच्या कर्जात बसतच नाही, काका. आणि गाळ्याचं टोकन मी कालच दिलंय."

आम्ही गाळेवाल्याला फोन केला, मीटर बसल्यापासून भाडं धरा म्हटलं. तो "कळवतो" म्हणाला. पोर अजून माझ्यासमोर फोनकडे बघत बसलीय.

तुमचा कोणता खर्च लिहायचा राहिला होता? सांगा, तिला वाचून दाखवतो. निदान एकटीच चुकली नाही, एवढं तरी तिला कळू दे.