चाळिसाव्या सभासदाचा आकडा

आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. वडील ती वाटायचे, मी घड्या घालायचो. त्यामुळे चिखलीच्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी मोबाइलवर गणिताचा ग्रुप काढला, तेव्हा त्याची नियमावली मीच लिहिली. इथे कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही; गणित जनतेचं आहे.

सरांना एक सूत्र सापडलं होतं. कोणताही आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, त्यात तोच आकडा मिळवा, वर एक्केचाळीस मिळवा. येणारी संख्या मूळच असते, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. हे सूत्र फार जुनं आहे आणि ते कुठे अडतं हेही जगाला ठाऊक आहे, याचा आम्हाला पत्ता नव्हता. काम आम्ही समान वाटून घेतलं. जो ज्या क्रमाने ग्रुपवर आला, तो त्याचा आकडा. मला सतरा आला. एसटीत भागाकार करत मी त्यातून येणारी तीनशे सत्तेचाळीस तपासली, मूळ निघाली. एकोणचाळीस सभासद, एकोणचाळीस मूळ संख्या. ग्रुपवर फुलांच्या गुच्छांची रांग लागली आणि मी पाचशे पत्रकं छापून घेतली: ‘सिद्ध झाले.’

मग नांदुऱ्याच्या शिवणकाम करणाऱ्या एक ताई ग्रुपवर आल्या. चाळिसाव्या. नियमाप्रमाणे त्यांना चाळीस मिळाला. दहा मिनिटांत ग्रुपवर त्यांचा आवाजी निरोप आला, मागे कुणाची तरी शिलाई मशीन चालूच होती. “सर, माह्या आकड्याले भाग जाते. सोळाशे एक्क्याऐंशी म्हंजे एक्केचाळीस गुणिले एक्केचाळीस. तुमी पाहून घ्या.”

कोणी पाहिलं नाही. एकाने ताईंचं शिक्षण विचारलं. दुसऱ्याने सुचवलं की सभासदसंख्या एकोणचाळीसवरच गोठवावी. शेवटी सरांनी मतदान लावलं: सोळाशे एक्क्याऐंशी मूळ आहे की नाही? मध्येच कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि मतांमध्ये केक मिसळले. तरी अडतीस मतं ‘मूळ आहे’ला पडली, एक ‘नाही’ला.

माझं मत कुठेच नव्हतं. भागाकार मी केला होता, ताईंचं बरोबर होतं, आणि पलंगाखाली पाचशे पत्रकं होती. तटस्थ हा शब्द आमच्या घरी शिवीसारखा वापरत.

सरांचा फोन आला. बहुमत न मानणाऱ्याला ग्रुपमधून काढावं, हे कलम माझंच होतं. आणि ताईंना काढायचंही मीच, कारण सरांना ते बटण सापडत नसे. मी म्हणालो, सर, भाग जातो.

“मले दिसत नाही काय बे?” सर म्हणाले. “तिले दुसरा आकडा दे. एखादा सोपा.”

मी ग्रुपवर हाताने केलेला भागाकार टाकला, खाली लिहिलं की ताईंना काढायचं असेल तर मलाही काढा, आणि ‘नाही’ला मत दिलं. त्या दिवशी सरांना बटण सापडलं. पाच मिनिटांत आम्ही दोघंही बाहेर होतो.

मी ताईंना फोन लावून माफी मागितली. मत द्यायला इतका उशीर काऊन केला, एवढंच त्यांनी विचारलं. मग त्या म्हणाल्या, पुढचा आकडा कोणाचा?

एक्केचाळीस माझा, असं म्हणून मी कागद घेतला आणि वर्ग करायला बसलो.

“त्याले मांडाचं काय काम, भाऊ?” ताई म्हणाल्या. “त्याच्यात तं सगळे एक्केचाळीसच हायेत.”