रुईची हिरवी बोंडं

मालकांनी फोनवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि आमच्या मागे रुई लागली.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर बसते. मागावरून उतरलेला प्रत्येक टॉवेल उलटसुलट बघायचा, सुटलेला धागा, तेलाचा डाग शोधायचा आणि चांगला माल गठ्ठ्यात लावायचा. रुईच्या बोंडातला कापूस सुतात मिसळला तर टॉवेल फार मऊ होईल, असं मालकांच्या डोक्यात आलं. सूतगिरणीतून नमुना कातून घ्यायला त्यांना पोतंभर कापूस हवा होता. हे झाड कोणाला माहीत आहे असं त्यांनी विचारलं आणि मी लगेच हात वर केला. मिरवायची संधी मी सहसा सोडत नाही.

खोटं काही नव्हतं. आमचं गाव कोरडवाहू, घरी शेळ्या. रुईच्या सालीचा वाख, म्हणजे चिवट धागा काढून वडील दावी वळायचे, कारण असं दावं शेळ्या चावत नसत. बोंडातल्या कापसाची उशी माझ्या पाळण्यात होती. पायात काटा मोडला की आई त्यावर रुईचा चीक लावायची आणि एकदोन दिवसांत काटा वर यायचा. अशा कामाच्या झाडाला काय भ्यायचं? आईला फोन केला, तर तिनं बजावलं की बोंडं आपसूक उकलू देत, हिरव्याला हात लावू नकोस.

पण उकललेल्या बोंडातला कापूस वारा आधीच घेऊन जातो. सुट्टीच्या दिवशी कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत तासभर फिरले, तेव्हा कुठं मूठभर मिळाला. मग उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी हिरवी बोंडंच तोडायला लागले. घरी वाळवून फोडू म्हटलं. देठातून पांढरा चीक ओघळत होता, ऊन मी म्हणत होतं आणि डोळ्यांत उतरलेला घाम मी त्याच हातांनी पुसत होते. थोडं चुरचुरलं. घरी येऊन तोंड धुतलं, तर चुरचुरणंही थांबलं.

सकाळी मुलीनं चहा पुढे केला, तेव्हा तिच्या चेहऱ्याला नाकडोळे नव्हते. नुसता पांढुरका गोळा, आणि त्यातून तिचा आवाज येत होता. माझ्या पाचावर धारण बसली. दोन्ही डोळे धुतले, पुन्हा धुतले. धुकं तसंच. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखत नाही म्हणजे डोळ्याला काही झालेलं नाही, उतरेल आपोआप, अशी मी स्वतःची समजूत घातली.

कामावर कोणाला सांगितलं नाही. माझ्याआधी टेबलावर बसणाऱ्या बाईची नजर अधू झाली, तेव्हा तिच्या हातात झाडू आला होता. मी टॉवेल बोटांनी तपासायला लागले. सुटलेला धागा बोटाला कळतो. एकेका टॉवेलावरून हात फिरवताना तळव्यांना घाम फुटायचा आणि तो टॉवेलातच पुसला जायचा. दिवा लावला की त्याभोवती रंगीत कडं दिसायचं. मुलीचा चेहरा आता असाच राहणार, या विचारानं मी तिच्याकडे बघणंच टाळत होते.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या आक्का माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनी हळूच विचारलं, "टॉवेल हितं हाय की. तू दाराकडं बघून काय तपासायलीस?"

मला रडू फुटलं. रुईचं सगळं सांगितलं, बोटांचंही सांगितलं. आक्कांनी माझे तीन दिवसांचे गठ्ठे बाजूला काढून ठेवायला लावले आणि रिक्षात घालून मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. दुखलं नाही का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हणाले.

"चीक डोळा बधिर करतो," ते म्हणाले. "दुखत नव्हतं, म्हणून तीन दिवस घालवलेत. नजर येईल असं वाटतं. पण आज शब्द देत नाही."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. थेंब घालायचे आणि मिटल्या डोळ्यांनी पडून राहायचं. उघडायचीच धास्ती वाटायची. हळूहळू खिडकीचे गज वेगवेगळे झाले, मग एका सकाळी मुलीच्या भुवया दिसल्या. तरी माझा विश्वास बसेना. मुलगी माझ्याच डोळ्यांपुढे रोज असते, तिचा चेहरा मला पाठ आहे. बघतेय की आठवतेय, कसं कळणार?

कामावर परतले, तेव्हा ते गठ्ठे तसेच होते. मी स्वतःच सोडायला घेतले. बोटांनी काम चोख केलं होतं, सुटलेला धागा एकही नव्हता. दहाबारा टॉवेल झाले आणि एका पांढऱ्या टॉवेलाच्या कोपऱ्यात बोटाएवढा काळा तेलाचा डाग आला. बोटांना तो कळलाच नव्हता. मी तो टॉवेल घट्ट धरला आणि आक्कांना हाक मारली.

"आक्का, डाग आहे," मी म्हणाले, "मला दिसतोय."